वायफाय फुल, तरी नेट स्लो? दिव्यासारख्या दाट वस्तीत यूएसबी अडॅप्टर घेताना काय बघायचं

सकाळच्या गर्दीत दिवा स्टेशनवर लोकलमध्ये चढणं म्हणजे काय असतं, हे मध्य रेल्वेच्या प्रवाशांना वेगळं सांगायला नको. त्यामुळे आठवड्यातून दोन दिवस जरी घरून काम करायची मुभा मिळाली, तरी इथल्या माणसासाठी ती मोठी सोय असते. अट एकच, घरचं नेट नीट चाललं पाहिजे. मीटिंगमध्ये आवाज तुटायला लागला, स्क्रीन गोठायला लागली, की दोन-चार वेळा ऐकून घेतलं जातं. मग साहेब म्हणतात, "तुम्ही ऑफिसलाच येत जा."

घरात वायफाय आहे, मोबाईलवर व्हिडिओ छान चालतात, पण जुना डेस्कटॉप किंवा सेकंडहँड लॅपटॉप मात्र रडतो. अशा वेळी कुणीतरी सल्ला देतं, "एक वायफाय डोंगल घेऊन टाक." काहीशे रुपयांत मिळणारी ही वस्तू खरंच उपयोगी आहे. पण चुकीची घेतली तर पैसेही जातात आणि मीटिंगही अडकायची थांबत नाही.

डोंगल आणि अडॅप्टर: नावाचा गोंधळ

आपल्याकडे 'डोंगल' हा शब्द दोन वेगळ्या वस्तूंसाठी वापरला जातो. एक म्हणजे सिम कार्ड घालायचं डोंगल. ते मोबाईल कंपनीच्या टॉवरवरून इंटरनेट आणतं आणि त्याला रिचार्ज लागतो.

दुसरी वस्तू म्हणजे यूएसबी वायफाय अडॅप्टर. यात सिम नसतं आणि तो स्वतः इंटरनेट आणत नाही. घरात आधीपासून असलेल्या राऊटरचं वायफाय पकडून ते कॉम्प्युटरला देणं, एवढंच त्याचं काम. ज्या डेस्कटॉपमध्ये वायफायच नाही, किंवा ज्या लॅपटॉपचं आतलं वायफाय कार्ड बिघडलंय किंवा फार जुनं आहे, त्यांच्यासाठी तो असतो. दुकानात मागताना 'वायफाय अडॅप्टर' असंच सांगितलेलं बरं.

घेण्याआधी फुकटात करायची चाचणी

पैसे खर्च करण्यापूर्वी मोबाईलवरून तीन ठिकाणी तपासून बघा. मोबाईल डेटा बंद ठेवा आणि फक्त वायफाय चालू ठेवून स्पीड टेस्ट करा.

पहिली टेस्ट राऊटरच्या शेजारी उभं राहून. इथेच स्पीड कमी आला, तर अडचण केबलवाल्याच्या लाईनमध्ये, प्लॅनमध्ये किंवा राऊटरमध्ये आहे. कितीही महाग अडॅप्टर घेतला तरी फरक पडणार नाही.

दुसरी टेस्ट जिथे कॉम्प्युटर ठेवलाय त्या टेबलावर. राऊटरजवळ स्पीड चांगला आणि टेबलावर मोबाईललाही कमी मिळत असेल, तर सिग्नलच तिथपर्यंत पोहोचत नाही. आधी राऊटरची जागा बदलायला हवी.

तिसरी टेस्ट कॉम्प्युटरवर. टेबलावर मोबाईलला चांगला स्पीड मिळतोय आणि कॉम्प्युटरला नाही, तर दोष कॉम्प्युटरच्या वायफायमध्ये असण्याची शक्यता जास्त. अडॅप्टरचा फायदा होतो तो या तिसऱ्या प्रकारात.

आणखी एक युक्ती आहे. बहुतेक अँड्रॉइड फोन वायफायला जोडलेले असताना चार्जिंगच्या केबलने कॉम्प्युटरला लावून 'यूएसबी टेदरिंग' चालू केलं, की फोनच अडॅप्टरचं काम करतो. घरात जुना चालू फोन पडून असेल, तर दोन-चार दिवस असं काम करून बघता येतं. भागलं तर नवीन काही घ्यायची गरजच नाही.

दाट वस्तीत नेमकं काय होतं?

दिवा पूर्वेला इमारती एकमेकींना अगदी लागून उभ्या आहेत. एका खिडकीतून हात काढला तर समोरच्या खिडकीला लागेल, असं तिथले लोक गमतीने म्हणू शकतात. अशा जागी मोबाईलवर वायफायची यादी उघडली की स्वतःच्या नेटवर्कबरोबर शेजारच्या, वरच्या, खालच्या आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या राऊटरचीही नावं दिसतात. ही सगळी यंत्रं एकच हवा वाटून घेत असतात.

वायफायचा एक मूळ नियम आहे. प्रत्येक यंत्र बोलण्याआधी ऐकतं. त्याच चॅनेलवर दुसरं कुणी बोलत असेल तर ते थांबतं आणि शांतता झाली की मग आपला डेटा पाठवतं. दिव्याच्या रेल्वे फाटकाचा अनुभव असणाऱ्यांना हे लगेच कळेल. रस्त्यावरची गाड्यांची रांग सरकेपर्यंत लोकल थांबते आणि लोकल जाईपर्यंत रांग थांबते. इंजिन कितीही ताकदीचं असलं तरी फाटकावर थांबावंच लागतं. मोबाईलवर रेंज फुल दिसूनही नेट अडकतं ते यामुळेच. सिग्नल जोरात येत असतो, पण बोलायची पाळी येत नसते.

घरातलं वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांमध्ये चालतं. एक २.४ गिगाहर्ट्झचा. तो भिंतीतून बऱ्यापैकी जातो, पण त्यात एकमेकांना न अडवणारे चॅनेल जेमतेम तीन: १, ६ आणि ११. ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात. डझनभर घरांनी तीन चॅनेल वाटून घ्यायचे म्हटल्यावर गर्दी होणारच.

दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. भारतात ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकारने या पट्ट्यातला बराच मोठा भाग परवान्याशिवाय वापरायला खुला केला. इथे वीसहून जास्त चॅनेल मिळतात. शिवाय या लहरी भिंतीतून कमी जातात. एरवी हा तोटा, पण दाट वस्तीत तो फायद्याचाही ठरतो, कारण शेजाऱ्यांचं वायफायही भिंतीपलीकडेच बऱ्यापैकी अडतं. वन आरके किंवा वन बीएचकेमध्ये राऊटर आणि कॉम्प्युटरच्या मध्ये फार तर एक-दोन भिंती असतात. तेवढं अंतर ५ गिगाहर्ट्झ सहसा पार करतो.

म्हणून दिवा, मुंब्रा, डोंबिवली अशा ठिकाणी पहिला नियम हा: अडॅप्टर 'ड्युअल बँड'च घ्यायचा. नखाएवढे दिसणारे सगळ्यात स्वस्त अडॅप्टर बहुतेक फक्त २.४ गिगाहर्ट्झचे असतात. गावाकडच्या सुट्या घरात ते मजेत चालतात, दिव्यात नाही.

घरातला राऊटरही ड्युअल बँड आहे ना, हे बघायला विसरू नका. वायफायच्या यादीत तुमच्या नावापुढे '५जी' जोडलेलं दुसरं नेटवर्क दिसत असेल तर तो आहे. या '५जी'चा मोबाईलच्या फाईव्ह-जीशी संबंध नाही, तो ५ गिगाहर्ट्झचा पट्टा आहे. काही राऊटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात, तेव्हा केबलवाल्याला विचारावं.

खोक्यावरचे आकडे कसे वाचायचे?

खोक्यावर 'एसी ६००', 'एसी १३००', 'एएक्स १८००' असं काहीतरी मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. ही दोन्ही पट्ट्यांच्या कमाल वेगांची बेरीज असते. 'एसी ६००' म्हणजे २.४ वर १५० आणि ५ वर ४३३ एमबीपीएस, मिळून साधारण ६००. पण अडॅप्टर एका वेळी सहसा एकाच पट्ट्यावर चालतो, त्यामुळे ही बेरीज प्रत्यक्षात कधीच मिळत नाही. शिवाय हा आकडा अडॅप्टर आणि राऊटरमधल्या जोडणीचा असतो. डाऊनलोडचा खरा वेग त्याच्या निम्म्याच्या आसपास धरावा.

म्हणजे घरी १०० एमबीपीएसचा प्लॅन असेल, तर 'एसी ६००' पुरतो. २०० किंवा ३०० चा प्लॅन असेल, तर दोन अँटेनावाला 'एसी १२००' किंवा 'एसी १३००' बघावा, त्यात ५ गिगाहर्ट्झवर ८६७ एमबीपीएसची जोडणी होते. 'एएक्स' म्हणजे वायफाय ६. गर्दीत यंत्रांच्या पाळ्या लावण्याचं काम ते जास्त चांगलं करतं, पण त्यासाठी राऊटरही वायफाय ६ चा लागतो. राऊटर जुना असेल तर ते जादा पैसे वाया.

'६ ई' लिहिलेले अडॅप्टर ६ गिगाहर्ट्झचा तिसरा पट्टाही वापरतात. हा पट्टा भारतात खुला करण्यासाठीचे मसुदा नियम मे २०२५ मध्ये आले. त्या पट्ट्याचा राऊटर घरात नसेल, तर याचा काही उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट खोक्यावर शोधा: यूएसबी २.० की ३.०? यूएसबी २.० ची कागदावरची मर्यादा ४८० एमबीपीएस आहे आणि प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी मिळतं. १०० च्या प्लॅनला तेवढं चालतं. ३०० च्या प्लॅनला यूएसबी ३.० चा अडॅप्टर हवा आणि तो कॉम्प्युटरच्या यूएसबी ३.० पोर्टलाच लावायला हवा. या पोर्टच्या आतली पट्टी बहुतेक वेळा निळी असते.

ड्रायव्हर: इथे खूप जण फसतात

अडॅप्टर आणला, लावला आणि काहीच झालं नाही, ही नेहमीची तक्रार. कारण ड्रायव्हर नसतो. सोबत छोटी सीडी मिळते, पण कॉम्प्युटरला सीडी ड्राईव्हच नसतो. ड्रायव्हर नेटवरून घ्यायचा तर नेटसाठीच अडॅप्टर हवा! अशा वेळी वर सांगितलेलं यूएसबी टेदरिंग कामाला येतं. फोन जोडा, कंपनीच्या अधिकृत साईटवरून ड्रायव्हर उतरवा, मग फोन काढा. काही अडॅप्टर लावल्यावर आधी सीडीसारखे दिसतात, त्यांच्या आतच ड्रायव्हरची फाईल असते.

घेण्याआधी तुमची विंडोज कोणती आहे ते बघा आणि अडॅप्टर त्यावर चालतो का, हे विचारा. लिनक्स वापरणाऱ्यांनी तर चिप कोणती आहे याची खात्री केल्याशिवाय घेऊच नये. कॉम्प्युटरसाठीचा अडॅप्टर स्मार्ट टीव्हीला किंवा सेट टॉप बॉक्सला लावून चालेल, असंही गृहीत धरू नका. बहुतेक वेळा चालत नाही.

ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या, जवळच्या दुकानातून घ्या किंवा ऑनलाईन मागवा, पण बिल आणि वॉरंटी असू द्या. भारतात विकायच्या वायरलेस यंत्रांना केंद्र सरकारच्या डब्ल्यूपीसी विभागाची मान्यता लागते. नाव नसलेल्या खोक्यातल्या मालाबद्दल ती खात्री देता येत नाही.

लावायचा कुठे?

डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टला अडॅप्टर लावला की त्याच्या एका बाजूला पत्र्याचं कॅबिनेट आणि दुसऱ्या बाजूला भिंत येते. मध्ये लोखंडी कपाट असेल तर विचारूच नका, धातू या लहरी अडवतो. मीटरभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन केबल घ्या आणि अडॅप्टर टेबलाच्या वर, राऊटरच्या दिशेने मोकळ्या जागी ठेवा. एवढ्यानेही बराच फरक पडतो.

याला आणखी एक कारण आहे. यूएसबी ३.० च्या जोडणीतून निघणारा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला त्रास देतो, हे इंटेल कंपनीने २०१२ मध्येच कागदोपत्री दाखवून दिलं होतं. त्यामुळे अडॅप्टरच्या अगदी शेजारच्या पोर्टमध्ये पोर्टेबल हार्ड डिस्क लावू नका.

राऊटरच्या जागेचंही तेच. केबलवाला वायर दरवाज्यावरून आत घेतो आणि बऱ्याचदा तिथेच राऊटर टांगून जातो. कॉम्प्युटर असतो आतल्या खोलीत, खिडकीशी. तिथे समोरच्या बिल्डिंगमधला राऊटर स्वतःच्या राऊटरइतकाच जोरात ऐकू येतो. पाच-सहा मीटर वायर वाढवून राऊटर मधल्या भिंतीवर उंच लावून घेता आला, तर घरातल्या सगळ्यांचाच फायदा होतो.

लावल्यावर हे तपासा

विंडोज १० आणि ११ मध्ये वायफायच्या प्रॉपर्टीज उघडल्या की 'नेटवर्क बँड' आणि 'लिंक स्पीड' दिसतात. बँड ५ गिगाहर्ट्झ आहे ना, ते बघा. २.४ दिसत असेल तर ५ चं नेटवर्क निवडा आणि जुन्याचं 'ऑटो कनेक्ट' बंद करा.

मोबाईलला ५ चं नेटवर्क दिसतं आणि अडॅप्टरला दिसत नाही, असंही होतं. काही अडॅप्टर ५ गिगाहर्ट्झच्या मधल्या चॅनेलवर चालत नाहीत. राऊटरच्या सेटिंगमध्ये चॅनेल 'ऑटो'वरून काढून ३६ ते ४८ मधला एखादा ठेवला की ते सहसा दिसायला लागतं. जुना अडॅप्टर पासवर्ड बरोबर असूनही जोडला जात नसेल, तर राऊटर फक्त डब्ल्यूपीए ३ वर ठेवलाय का बघा. डब्ल्यूपीए २ आणि ३ दोन्ही चालतील असा पर्याय निवडा. पासवर्ड मात्र काढून टाकू नका.

अडॅप्टर न घेताही भागतं तेव्हा

राऊटर आणि कॉम्प्युटरमध्ये दहा-पंधरा मीटरचंच अंतर असेल आणि कॉम्प्युटर हलवायचा नसेल, तर साधी लॅन केबल सगळ्यात भरवशाची. तिला शेजाऱ्यांच्या वायफायची गर्दी लागत नाही, बहुतेक वेळा ड्रायव्हर शोधावा लागत नाही आणि मीटिंगमध्ये आवाजही तुटत नाही. भिंतीच्या कडेने पट्टीत बसवली की पायातही येत नाही.

केबल टाकणं शक्य नसेल, भाड्याचं घर असेल, लॅपटॉप या खोलीतून त्या खोलीत न्यावा लागत असेल, तर अडॅप्टर घ्या. दुकानात गेल्यावर चार गोष्टी विचारा: ड्युअल बँड आहे का, माझ्या प्लॅनला पुरेल का, माझ्या विंडोजवर चालेल का आणि नाही चालला तर परत घ्याल का? चौथ्या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर आलं, तर दुसरं दुकान बघा.