कानाचा पडदा फाटला तर

'कानाखाली एक वाजवली की पोरगं सरळ होतं,' असं आपल्याकडे सहज बोललं जातं. पण तळहात कानावर सपाट बसला, म्हणजे कानाच्या नळीतली हवा एकदम आत दाबली जाते आणि त्या दाबाने कानाचा पडदा फाटू शकतो. शाळेतल्या मारावर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी घातली आहे. घरातला हात मात्र ज्याचा त्यानेच आवरायला हवा. कानाजवळ उडालेला फटाका, कान कोरताना आत शिरलेली आगकाडी, आणि सर्दीपडशानंतर पडद्यामागे साठलेला पू, ही आणखी काही कारणे.

हा पडदा आहे तरी केवढा? व्यास जेमतेम ९ ते १० मिलिमीटर, जाडी मिलिमीटरचा सुमारे दहावा भाग. तरी त्यात तीन थर असतात: बाहेर त्वचा, मध्ये चिवट तंतू आणि आत नाजूक अस्तर. आवाजाने तो थरथरतो, त्याला चिकटलेले हातोडीचे हाड हलते, आणि ती हालचाल ऐरण व रिकीब या हाडांमार्फत अंतःकर्णात पोचते. पडद्याला भोक पडले, की ऐकू कमी येते, कानात गुणगुण सुरू होते. कधी थोडे रक्तही येते. पू साठून पडदा फुटला असेल, तर उलट ठणका एकाएकी थांबतो. लोकांना वाटते, दुखणे गेले! खरे तर कान तेव्हाच दाखवायला हवा.

आता या गोष्टीची दुसरी बाजू पाहा. पडद्याची त्वचा मध्यापासून कडेकडे सावकाश सरकत असते. तिच्याबरोबर मळही आपोआप बाहेर येतो. म्हणून निरोगी कान कोरावा लागत नाही. भोक पडले, की हीच त्वचा कडांवरून वाढत येऊन ते झाकू लागते. लहानसे भोक बहुधा काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत भरून येते. पुष्कळदा मधला तंतूंचा थर पुरता बनत नाही आणि त्या जागी पडदा पातळ राहतो.

मग आपण करायचे काय? निसर्गाच्या कामात अडथळा आणायचा नाही, एवढेच! कान कोरडा ठेवावा. अंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी ठेवावा आणि नंतर काढून टाकावा. पोहणे बंद. नाक जोराने शिंकरू नये. शिंक आली तर तोंड उघडे ठेवून शिंकावे. आणि मुख्य म्हणजे लसूण घालून कढवलेले तेल कानात घालू नये. आजीची माया खरी, पण भोकातून ते तेल थेट मध्यकर्णात उतरते आणि जंतूंना वाट मिळते. घरात उरलेले औषधाचे थेंबही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नयेत. त्यांतली काही औषधे अंतःकर्णाला इजा करतात.

गरगरू लागले, ऐकू येणे एकदम बंद झाले, चेहरा एका बाजूला वाकडा झाला किंवा डोक्याला मार लागून कानातून रक्त अथवा पाणी आले, तर एक घटकाही न दवडता इस्पितळ गाठावे. दुर्गंधी येणारा, वर्षानुवर्षे वाहणारा कानही 'आमच्या घराण्यातच आहे' म्हणून सोडून देऊ नये. त्यातून हाडे झिजतात, क्वचित मेंदूपर्यंत जंतू पोचतात.

भोक तीन महिन्यांतही बुजले नाही, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. कानाच्या वरच्या स्नायूवरील पातळ आवरणाचा तुकडा घेऊन नवा पडदा बसवतात. जर्मनीत १९५० नंतरच्या काही वर्षांत वुल्श्टाइन आणि त्सोल्नर यांनी या शस्त्रक्रियेला शास्त्रीय बैठक दिली. आज ती नेहमीची झाली आहे.

बहुतेक फाटलेल्या पडद्यांवर मात्र ही वेळ येत नाही. पडदा स्वतःच सांधला जातो. आपण त्याला कोरडेपणा द्यावा, थोडी सवड द्यावी, आणि मधूनमधून डॉक्टरांना कान दाखवून तो खरोखर भरून आल्याची खात्री करून घ्यावी.