काजूच्या हंगामापूर्वीची धाव

पौषातल्या पहाटे डिचोलीहून मयेच्या तळ्याकडे निघावे, तो धुके इतके दाट की, पुढचा सोबती दिसण्यापूर्वी त्याच्या पावलांचा आवाज कानी येतो. काजू याच दिवसांत मोहोरतो. मार्च उजाडला की डिचोली-पेडण्यातील बागायती घरांना उसंत कोठली? बोंडू वेचा, बिया सोडवा, रस काढा, भट्टी सांभाळा! म्हणून हंगामापूर्वीची एक पहाट आम्हां चार मित्रांनी शर्यतीसाठी राखून ठेवली. अंतर दहा किलोमीटर. जो शेवटी येईल त्याने सर्वांना चहा आणि भाजी-पाव द्यावा, एवढाच पण.

आमच्यापैकी एकजण त्याच महिन्यात बोटीवर नोकरीस जावयाचा होता. ही शर्यत जिंकूनच जाईन, असे तो बोलून चुकला होता.

प्रिय वाचकहो, चूक माझीच झाली. सेमिनरीत फुटबॉल खेळलेल्या पायांचा मला अभिमान! थंडीत घाम जाणवत नाही, तहानही लागत नाही. पण शरीरातील पाणी कमी होतच असते. शिवाय गारठलेले स्नायू आधी दहा मिनिटे चालून ऊबदार करावे लागतात. यांतले काहीही न करता मी सुसाट सुटलो आणि अर्ध्या वाटेवर पोटरीत गोळा येऊन रस्त्याकडेला बसलो.

अशा वेळी बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले आठवतात. १९२० साली अँटवर्प येथील ऑलिंपिकमध्ये, थंड व पावसाळी हवेत, ते मॅरेथॉन धावले. त्या वर्षीचे अंतर ४२.७५ किलोमीटर होते. फिनलंडचा कोलेहमायनन पहिला आला. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. चोर्ला घाटापलीकडच्या या आपल्या शेजाऱ्याने पदक आणले नाही; पण एवढी लांब वाट त्यांनी शेवटपर्यंत पार केली. लांबची धाव पहिल्या उसळीवर नव्हे, तर राखून ठेवलेल्या शक्तीवर पुरी होते.

माझ्या हाकेने सर्वांत पुढे गेलेला गडी मागे वळला. तोच तो, बोटीवर जाणारा! त्याने माझे पाऊल वर दाबून धरले, पोटरी चोळली, पाणी पाजले. “तू जा, तुझी शर्यत जाईल,” मी म्हणालो. तो हसून म्हणाला, “फादर, शर्यत काय, पुढच्या वर्षीही असेल.” पुढच्या वर्षी तो कोणत्या समुद्रावर असेल, हे आम्हां दोघांनाही ठाऊक नव्हते.

आम्ही चालतच तळ्याशी पोहोचलो. उरलेले दोघे काठावर थांबले होते. चहाचे पैसे अर्थातच मी दिले.

तरुणांनो, तुम्हीही धावा. मात्र आरंभ सावकाश करा, पाणी जवळ बाळगा, समोरून येणारी वाहने दिसावीत म्हणून रस्त्याच्या उजव्या कडेने धावा. आणि मागून कोणाची हाक आली, तर वळून पाहा.