स्थान, सामर्थ्य आणि ओळख : अंबाजोगाईच्या निमित्ताने अतिमानवी नायकत्वाचा विचार

अतिमानवी सामर्थ्य लाभलेल्या नायकाचा विचार करताना अभ्यासकाचे लक्ष साहजिकच त्याच्या पराक्रमाकडे जाते. तो ज्या नगरात वावरतो ते नगर कथेची पार्श्वभूमी म्हणून बाजूला पडते. पाश्चात्त्य चित्रकथेतील ‘सुपरहिरो’ या नायकप्रकाराने मात्र नगराला असे बाजूला पडू दिलेले नाही. गॉथम वगळून बॅटमॅनची कल्पना करता येत नाही. १९६४ पासून निघू लागलेल्या इंद्रजाल कॉमिक्समधील फँटमचा प्रदेश भारतीय वाचकांसाठी ‘डेंकाली’ या नावाने आला, कारण मूळ नावातून बंगालची आठवण होत होती. काल्पनिक नायकाचे काल्पनिक गावसुद्धा असे बदलून घ्यावे लागते, यावरून स्थाननामाचे वजन ध्यानात यावे.

मराठी परंपरेत हा प्रश्न विचारायचा झाल्यास तो कोठे विचारावा? प्रस्तुत लेखात त्यासाठी बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई हे स्थान निवडले आहे. येथील योगेश्वरी हे उपास्य दैवत आहे, चित्रकथेतील पात्र नव्हे. भक्त तिच्याकडे ज्या भावाने पाहतो तो भाव वाचकाच्या कुतूहलाहून सर्वस्वी निराळा आहे. येथे तुलना अभिप्रेत आहे ती केवळ कथारचनेपुरती.

बॅटमॅन (१९३९) आणि सुपरमॅन (१९३८) यांच्या कथांतून नायक आणि नगर यांच्या संबंधाची दोन भिन्न रूपे दिसतात. बॅटमॅन हा गॉथमचाच पुत्र. त्याच नगराच्या गल्लीत त्याच्या मातापित्यांची हत्या होते आणि नगराने दिलेली ही जखमच त्याच्या नायकत्वाचे मूळ ठरते. सुपरमॅनचे तसे नाही. तो परग्रहावरून आलेला आहे. त्याच्या ग्रहावर तो इतरांसारखाच एक ठरला असता. पृथ्वीवरील कमी गुरुत्वाकर्षणामुळे, आणि पुढील काळातील कथांनुसार येथील सूर्यामुळे, त्याचे सामर्थ्य प्रकट होते. म्हणजे त्याचे बळ जन्मस्थानाचे असूनही जन्मस्थान सुटल्याखेरीज ते दिसत नाही. या नायकाची निर्मिती क्लीव्हलंड शहरातील, स्थलांतरित ज्यू कुटुंबांतील दोन तरुणांनी केली, हाही योगायोग मानता येणार नाही. अंबाजोगाईची परंपरा या दुसऱ्या रूपाशी जवळीक सांगते.

योगेश्वरीची प्रचलित कथा थोडक्यात अशी : देवी मूळची कोकणची. तिचा विवाह परळीच्या वैजनाथाशी ठरला. वऱ्हाड कोकणातून निघाले, घाट चढून बालाघाटाच्या डोंगररांगेपर्यंत आले. पण लग्नघटिका टळली. विवाह झाला नाही, वऱ्हाड तेथेच शिळा होऊन राहिले आणि देवी कुमारिका म्हणून आंब्याला स्थिरावली. परळी तेथून सुमारे २५ किलोमीटरवर आहे. इतक्या लांबचा प्रवास करून आलेल्या वधूला शेवटचे एवढेसे अंतर ओलांडता येऊ नये, हा या कथेचा मर्मबिंदू आहे.

ही कथा अपघाताची किंवा दुर्दैवाची म्हणून सांगितली जात असली, तरी तिचे कार्य वेगळे आहे. दक्षिणेतील कन्याकुमारीच्या कथेशी ती ताडून पाहिली म्हणजे हे स्पष्ट होते. तेथेही वर जवळच्याच शुचींद्रमचा शिव आहे, तेथेही मुहूर्त टळतो. नारद कोंबड्याचा आवाज काढतो, पहाट झाली असे समजून वरपक्ष माघारी फिरतो आणि लग्नासाठी आणलेले धान्य वाळू-खडे होऊन किनाऱ्यावर पडते. परंतु त्या कथेत विवाह मोडण्याचे कारण उघडपणे सांगितलेले आहे : बाणासुराचा वध केवळ कुमारिकेच्याच हातून व्हायचा होता. विवाह पार पडता तर सामर्थ्य उरले नसते. अंबाजोगाईच्या देवीच्या नावावरही दंतासुराचा वध आहे. मराठी कथा वधाचा आणि टळलेल्या विवाहाचा संबंध इतक्या स्पष्ट शब्दांत जोडत नाही. दोन्ही गोष्टी ती शेजारीशेजारी ठेवते. तरीही दोन्ही कथांची घडण एकच आहे, असे म्हणण्यास हरकत नसावी. कोकणात ती कुणाची कन्या होती, परळीत ती कुणाची पत्नी झाली असती. आंब्याला ती केवळ स्वतःची आहे, आणि तिचे योगेश्वरीपण या ‘कुणाचीच नसण्यात’ आहे.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (१९६२) या ग्रंथात देवदेवतांच्या विवाहांकडे मानवी समूहांच्या मीलनाची खूण म्हणून पाहिले. ही दृष्टी स्वीकारली तर न झालेल्या विवाहाचाही अर्थ लावावा लागेल. परळीचे शैव क्षेत्र आणि आंब्याचे शक्तिपीठ ही दोन्ही स्थाने शेजारी राहिली, एकमेकांत विरघळली नाहीत. पत्नी म्हणून वैजनाथाच्या मंदिरात एखादा कोनाडा मिळण्याऐवजी देवीला स्वतःचे नगर मिळाले. प्रस्तुत लेखकास हे अनुमान मुहूर्ताच्या कथेइतकेच ग्राह्य वाटते.

नगराच्या नावाचा साक्षीपुरावा येथे महत्त्वाचा आहे. जुन्या वापरात ‘जोगाईचे आंबे’ असे रूप आढळते. महाराष्ट्रात आंबे नावाची गावे अनेक. त्यांतील हे कोणते, तर जोगाईचे. षष्ठीचा प्रत्यय देवीला लागला आहे, गावाला नव्हे. आपण सामान्यतः नायकाला गावावरून ओळखतो, येथे गाव नायिकेवरून ओळखले जाते. पुढे ‘चे’ गळाले, दोन्ही पदे जुळली आणि अंबाजोगाई हे एकच नाव झाले. त्यातील अंबा ही माता की आंबे हे गाव, हे आज ऐकणाऱ्याला सांगता येत नाही. योगेश्वरीचे जोगेश्वरी व जोगाई होणे हा ध्वनिपरिवर्तनाचा सरळ भाग आहे. देवी आणि नगर यांच्या नावांची अशी सरमिसळ होणे हा मात्र केवळ ध्वनींचा व्यवहार नाही. निजामी राजवटीत या गावाचे नाव मोमिनाबाद होते आणि हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी येथे होती. कागदोपत्री नाव बदलले तरी देवीचे नाव बदलले नाही, आणि गावाचे जुने नाव देवीच्या नावात सांभाळले गेले.

स्थान कथेला आकार देते याचा सर्वांत ठळक पुरावा गावाबाहेरच्या लेण्यांत आहे. खडकात कोरलेली ही शिवलेणी लोकव्यवहारात ‘हत्तीखाना’ या नावाने ओळखली जातात. प्रशस्त प्रांगण, खांबांचा मंडप, दगडी हत्ती, नंदी. याच लेण्यांना जोगाईचा मंडप असेही म्हणतात. लेणी कोरणाऱ्यांच्या मनात देवीचे लग्न असेल असे मानण्यास आधार नाही. त्यांनी शिवाचे स्थान कोरले. परंतु मंडप आहे, हत्ती आहेत, नंदी आहे, सगळे दगडाचे आहे आणि माणूस एकही नाही, अशा दृश्यासमोर उभ्या राहिलेल्या लोकमनाला शिळा झालेल्या वऱ्हाडाखेरीज दुसरी कोणती कथा सुचणार होती? दगड आधीचा आणि कथा नंतरची, असाच क्रम येथे संभवतो.

बीड जिल्ह्याच्या आजच्या जीवनाशी ही कथा ठेवून पाहिली तर एक विसंगती जाणवते. या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. या व्यवसायात मजुरीचा हिशेब ‘कोयत्या’वर होतो आणि कोयता म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी. जोडी झाल्याखेरीज कोयता पुरा होत नाही, म्हणून मुलींची लग्ने लवकर उरकण्याकडे कल राहतो. बालविवाहाचे प्रमाण अधिक असलेल्या जिल्ह्यांत बीडची गणना होते. जेथे लग्नाचा मुहूर्त कामाच्या हंगामाने ठरतो, त्या मुलखाची अधिष्ठात्री मुहूर्त टळलेली कुमारिका आहे. या दोन गोष्टींत कार्यकारणसंबंध शोधणे धाडसाचे होईल. परंतु लोककथेचा अभ्यास करताना तिच्या श्रोत्यांकडे पाठ फिरवणे हाही एक दोषच होय.

‘बाहेरून येऊन येथे थांबणे’ हे सूत्र देवीपुरते मर्यादित नाही. मुकुंदराजांच्या चरित्रकथेतही ते आहे. जैतपाळ राजा साधुसंतांना विलक्षण अट घालतो : घोड्याच्या रिकिबीत एक पाय ठेवून मांड टाकीपर्यंत ब्रह्म दाखवावे. न जमणाऱ्यांना तो कैदेत टाकून राबवतो. मुकुंदराज येतात, राजाला तेवढ्याच अवकाशात अनुभव देतात आणि बंदिवान सुटतात. चित्रकथेतील नायकाने केलेल्या सुटकेहून ही सुटका फार निराळी नाही. शस्त्राची जागा क्षणाने घेतली आहे, एवढेच. लक्षणीय गोष्ट ही की, योगेश्वरीच्या कथेत घटिका टळते आणि मुकुंदराजांच्या कथेत ती साधते. एकाच गावच्या दोन प्रमुख कथा क्षणाभोवती बांधलेल्या असाव्यात, याची नोंद व्हावयास हवी.

मुकुंदराजांचे गाव कोणते, हा आपल्या वाङ्मयेतिहासातील जुना वाद आहे. परंपरेने शके १११० (इ. स. ११८८) मध्ये रचला गेल्याचे मानल्या जाणाऱ्या ‘विवेकसिंधू’तील अंबानगरी म्हणजे मराठवाड्यातील अंबाजोगाई की वैनगंगेकाठचे अंभोरे, यावर दोन्ही प्रदेशांच्या अभ्यासकांनी हिरिरीने लिहिले. भूगोलाच्या निर्देशांचा भार अंभोऱ्याकडे जातो. समाधीची आणि उपासनेची परंपरा मात्र अंबाजोगाईकडे आहे. या वादाचा निर्णय लावणे हे या लेखाचे प्रयोजन नाही. ग्रंथ एका ठिकाणी झाला आणि ग्रंथकार दुसऱ्या ठिकाणी रुजला, असे मानले तर मुकुंदराजही आंब्याच्या रीतीतच बसतात. सर्वज्ञ दासोपंत (१५५१–१६१५) हेही मूळचे नारायणपेठचे. बेदरच्या दरबारी ओलीस राहिलेल्या बाल दासोपंतांना सोडवण्यासाठी दत्तात्रेय पाडेवाराच्या वेषात द्रव्य घेऊन आले, ही चमत्कारकथा बेदरची आहे. ‘गीतार्णवा’सारखा प्रचंड ग्रंथ आणि कापडावर लिहिलेली पासोडी या दासोपंतांच्या खऱ्या अतिमानवी कृतींची कीर्ती मात्र आंब्याशी बांधलेली आहे. चमत्कार प्रवासात घडतो, कार्य मुक्कामात घडते.

या रीतीला छेद देणारे उदाहरणही याच गावात आहे. यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर याचे शिलालेख अंबाजोगाईस मिळाले आहेत. त्याचा पुत्र राम गुजरातवरील मोहिमेत नर्मदेच्या रणभूमीवर मारला गेला. तो बाहेरून आलेला नव्हता. येथून निघालेला होता, आणि परतला नाही. त्याच्याभोवती योगेश्वरीसारखी कथा उभी राहिली नाही, त्याच्यासाठी कोणतीही शिळा वऱ्हाड झाली नाही. त्याची बहीण लक्ष्मी हिने मात्र भावाच्या स्मरणार्थ येथे मंदिर उभारले आणि त्याचे मरण दगडावर कोरून घेतले. त्या लेखाचा काळ शके ११६२, म्हणजे इ. स. १२४०.