कमानीवर कोण, कमानीखाली कोण

आपल्या निर्मलमध्ये लग्न असो की पुढाऱ्याची सभा, रस्त्यावर कापडी कमान उभी राहते. तिच्यावर कोणाचे चित्र आहे ते आपण पाहतो. ते कोणाला दाखवायचे आहे, हे क्वचितच विचारतो. हा प्रश्न मनात ठेवून एकदा जुन्या गोव्याला जा.

दिवाडी बेटाच्या फेरीबोटीचा रस्ता तिथे एका दगडी कमानीखालून जातो. वास्को द गामा हिंदुस्थानात उतरल्याला शंभर वर्षे झाली, तेव्हा त्याचा पणतू फ्रान्सिस्को गोव्यात व्हाइसरॉय होता. त्याने ही उभारली. नवा व्हाइसरॉय मांडवीतून येई आणि याच कमानीतून नगरात शिरे. म्हणून नदीकडे वास्कोचा पुतळा. शहराकडच्या बाजूला मात्र तलवार घेतलेली एक स्त्री आहे आणि तिच्या पायाखाली पडलेला एतद्देशीय पुरुष. ती संत कॅथरीन, असे मानतात. २५ नोव्हेंबर १५१० रोजी, तिच्याच सणाला, आल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवे घेतले होते.

पायाखाली कोणी असलेली मूर्ती आपल्याला नवी नाही. नवरात्रात महिषासुर आपण पाहतोच. पण तो कथेतला राक्षस. इथे ती जागा दिली आहे ती रोज त्याच कमानीखालून जाणाऱ्या माणसाला! वास्को साहेबांसाठी, ही मूर्ती त्याच्यासाठी.

युरोपात बरोक काळात ही भाषा फार बहरली. १६३५ मध्ये अँटवर्पने स्पेनच्या नव्या सुभेदाराचे, राजपुत्र फर्डिनांडचे, स्वागत केले. कमानींची योजना चित्रकार रूबेन्सची. लाकूड आणि रंगवलेले कापड, आपल्या मांडवासारखेच. त्यांत एके ठिकाणी व्यापाराचा देव मर्क्युरी शहर सोडून निघालेला दाखवला होता, कारण शेल्ट नदीची वाहतूक बंद पडून शहर बुडत होते. स्तुतीच्या आडून गाऱ्हाणे. गोव्याच्या कमानीवर गाऱ्हाण्याला जागाच नव्हती. तेव्हा फ्रान्सिस्कोवर रुष्ट झालेल्या पोर्तुगीजांनीच वास्कोचा पुतळा खाली ओढून फोडला! पुढे तो पुन्हा बसवला गेला.

कमान १९५४ मध्ये नव्याने बांधली, तीही पोर्तुगीज राज्यातच. आम्हा डॉक्टरांना आधी चेहरा पाहायची सवय. इथे शहराच्या बाजूने या आणि आधी पाय पाहा. जवळच आदिलशहाच्या वाड्याचे काळ्या दगडाचे दार एकटेच उभे आहे. तेही पाहून या.