जुन्या टर्बो मोटारीचा जोर कां कमी होतो ?

माल पिकविणें जितकें महत्त्वाचें, तितकेंच तो वेळेवर बाजारांत पोंचविणेंहि महत्त्वाचें आहे, हें बागाईतदारांस सांगावयास नको. नवी गाडी घेण्याची ऐपत नसल्यामुळें पुष्कळ शेतकरी दुसऱ्यानें वापरलेली डिझेल मोटार किंवा जीप विकत घेतात. ती टर्बोची असली म्हणजे तिच्या जोराची ख्याति ऐकून त्यांस समाधान वाटतें. परंतु कांहीं महिन्यांनीं ती चढावर अडखळूं लागते, पाय दाबला तरी उचल घेत नाहीं, आणि कारागिराकडे नेली असतां पुष्कळदां एकच निदान ऐकूं येतें : “टर्बो गेला, नवा बसवा.” हें निदान कित्येकदां चुकीचें असतें, व त्यापायीं शेतकऱ्याचा घामाचा पैसा व्यर्थ जातो. सबब अशा गाडीचा दोष कोणत्या क्रमानें शोधावा, याविषयीं थोडी माहिती वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम आमच्या पाहण्यांतील एक उदाहरण सांगतों. रत्नागिरीकडील आमच्या ओळखीच्या एका बागाईतदारांनीं सात माणसांची जुनी डिझेल गाडी घेतली होती. मागील आसनें काढून त्यांत हापूसच्या पेट्या भरून ते कोल्हापूरच्या पेठेस निघाले. साखरप्यापर्यंत गाडी ठीक चालली. पण आंबा घाटाचा चढ लागतांच तिनें मान टाकली. दुसऱ्या गिअरमध्येंहि ती कशीबशी चढे, मागून काळ्या धुराचा लोट निघे, व इंजिनाच्या बाजूनें फुसफुस असा आवाज येई. सौदे संपल्यावर माल पोंचला व पेट्या पडेल भावानें द्याव्या लागल्या. कारागिरानें नव्या टर्बोची जी किंमत सांगितली, ती त्यांच्या बागेच्या वर्षाच्या खताच्या खर्चाहून अधिक होती. ती रक्कम उभी करण्यापूर्वीं त्यांनीं आम्हांस विचारलें, व आम्ही गाडी पाहावयास गेलों. पुढें काय निघालें तें ओघानें येईलच.

टर्बो काय करतो

इंजिनांत डिझेल जळण्यास हवा लागते. जितकी हवा अधिक, तितकें अधिक डिझेल नीट जळतें, व तितका जोर अधिक मिळतो. साधें इंजिन स्वतः ओढील तेवढीच हवा त्यास मिळते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियरानें १९०५ सालीं एका नव्या योजनेचें पेटंट घेतलें. धुराड्यांतून वायां जाणाऱ्या उष्ण धुराच्या जोरावर एक चक्र फिरवावें, व त्याच दांड्यावर दुसरें चक्र बसवून त्याकरवीं हवा दाबून इंजिनांत भरावी, अशी ती योजना होती. आजच्या टर्बोचें तत्त्व तेंच आहे. मोटारीच्या टर्बोचा दांडा भर वेगांत मिनिटास एक लाखाहून अधिक फेरे घेतो, व तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. दाबलेली हवा तापते, व तापलेली हवा विरळ असते. म्हणून ती नळीनें ‘इंटरकूलर’ नांवाच्या जाळींत नेऊन थंड करतात व मग इंजिनांत सोडतात. वाटेवर दाब मोजणारा सेन्सर असतो. त्याच्या सांगण्यावरून किती डिझेल द्यावें हें गाडींतील संगणक ठरवितो. ठरलेला दाब मिळाला नाहीं, तर तो डिझेल कमी करतो. दोष मोठा वाटला, तर इंजिनाच्या रक्षणाकरितां जोर मुद्दाम बांधून टाकतो. यासच कारागीर ‘लिंप मोड’ म्हणतात.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. शेतांत पाणी पोंचलें नाहीं म्हणून विहिरीवरचा पंप जळला असें कोणी शहाणा शेतकरी लागलेंच म्हणत नाहीं. पाट कोठें फुटला, दारें कोठें तुंबलें, हें तो आधीं पाहतो. टर्बोच्या गाडीसहि हाच न्याय लावावा.

लक्षणें नीट टिपावीं

सुमारें दीड हजार फेऱ्यांच्या खालीं धूर पुरेसा नसल्यामुळें टर्बो मंद असतो. पाय दाबल्यावर गाडीनें क्षणभर थांबून उचल घ्यावी, हा त्याचा स्वभाव आहे, रोग नव्हे. परंतु उचल घेतांना हिसके बसणें, मधल्या वेगांत अडखळणें, किंवा पूर्वीं सहज चढणारा चढ आतां न चढणें, हा रोग होय.

धुराचा रंग पुष्कळ सांगतो. काळा धूर निघाला तर डिझेलाच्या मानानें हवा कमी पडते असें समजावें. निळसर धूर म्हणजे इंजिनाचें तेल जळत आहे. इंजिन तापल्यावरहि पांढरा धूर टिकून राहिला, तर डिझेल न जळतां बाहेर जात आहे, किंवा सिलिंडरांत पाणी शिरत आहे. धूर नाहीं व तरीहि जोर नाहीं, तर डिझेलाची तूट किंवा लिंप मोड यांचा संशय घ्यावा. चढावर एकाएकीं जोर गेला, व गाडी बंद करून पुन्हां सुरू करतांच तो परत आला, तर संगणकानेंच तो बांधला होता असें ओळखावें. ज्या टर्बोंत हलतीं पातीं असतात, त्यांत तीं काजळीनें अडकणें हें याचें एक नेहमींचें कारण आहे.

तपासणीचा क्रम

स्वस्त व सोपें तें आधीं, महाग व अवघड तें शेवटीं, हा नियम कधींहि मोडूं नये.

पहिली तपासणी हवेच्या गाळणीची. कच्च्या रस्त्यांच्या धुळीनें ती लवकर तुंबते. तुंबली असल्यास बदलावी. पण गाळणीवांचून गाडी कधींहि चालवूं नये, कारण धुळीचे कण टर्बोचीं पातीं झिजवितात.

दुसरी तपासणी डिझेलाची. डिझेलाच्या गाळणींत कचरा किंवा पाणी सांचलें असल्यास गाडी सपाटीवर चालते व भार पडतांच अडखळते, कारण त्याच वेळीं डिझेल अधिक लागतें. गाळणीखालील बोळा सैल करून पाणी काढावें, व मुदत टळली असल्यास गाळणी नवी घालावी.

तिसरी तपासणी हवेच्या नळ्यांची. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत व तेथून इंजिनापर्यंतच्या प्रत्येक नळीवरून व जोडावरून हात फिरवावा. ओला, तेलकट डाग दिसेल तेथें संशय घ्यावा. नळीच्या आंत तेलाचा पातळ ओलावा असणें साहजिक आहे. बाहेर डाग पडणें हें मात्र फटीचें लक्षण आहे. रबर जुनें झालें म्हणजे त्यास खालच्या अंगास चीर पडते. गाडी उभी असतां ती मिटलेली राहते, व दाब येतांच उघडते. म्हणून नुसत्या डोळ्यांस ती सांपडत नाहीं. अशा वेळीं थंड इंजिनावर नळीचें एक तोंड बंद करून आंत हवा भरावी, व बाहेरून साबणाचें पाणी लावावें. फट असेल तेथें बुडबुडे येतात. हा दाब एका बारच्या वर नेऊं नये. टायरांत आपण भरतों त्याच्या निम्म्याहूनहि तो कमी आहे.

चौथी तपासणी ‘व्हॅक्यूम’च्या बारीक नळ्यांची. पुष्कळ डिझेल गाड्यांत टर्बोचीं पातीं हलविणारी दांडी या नळ्यांच्या ओढीनें चालते. नळी कडक होऊन तडकली, तर दांडी हलत नाहीं व दाब चढत नाहीं. हातपंपानें ओढ दिली असतां दांडी सरळ सरकून तेथेंच टिकली पाहिजे. कांहीं गाड्यांत हें काम विजेवर चालतें. लहान इंजिनांच्या कित्येक टर्बोंत हलतीं पातीं नसून जादा धूर बाजूस सोडणारें दार असतें. तें उघडें राहिलें तरी दाब पडतो.

पांचवी तपासणी सेन्सरांची. येथें स्कॅनर हें लहानसें यंत्र उपयोगी पडतें. ‘पी ०२९९’ हा अंक दाब कमी असल्याचें व ‘पी ०२३४’ हा तो जास्त असल्याचें सांगतो. परंतु हा अंक म्हणजे लक्षण होय. अपराधी कोण हें तो सांगत नाहीं. इंजिन बंद ठेवून किल्ली फिरविल्यावर दाबाच्या सेन्सरानें बाहेरील हवेचाच दाब दाखविला पाहिजे : समुद्रकांठीं सुमारें १००, व कोल्हापूरसारख्या साडेपांचशे मीटर उंचीच्या ठिकाणीं सुमारें ९५ किलोपास्कल. फार निराळा आंकडा दिसला, तर सेन्सर किंवा त्याची तार तपासावी. नंतर एकानें गाडी चढावर चालवावी व दुसऱ्यानें शेजारीं बसून संगणक मागतो तो दाब व प्रत्यक्ष मिळतो तो दाब यांची तुलना करावी. दोन्ही जुळत असतील, तर टर्बोस दोष देण्याचें कारण उरत नाहीं.

सहावी तपासणी धुराच्या वाटेची. धुराचा कांहीं भाग परत इंजिनांत सोडणारी ‘ईजीआर’ झडप काजळीनें उघडीच अडकली, तर कमी वेगांत गाडी अडखळते व काळा धूर टाकते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ नियमांनंतरच्या बहुतेक डिझेल मोटारींत काजळी अडविणारी ‘डीपीएफ’ जाळी असते. गाडी नेहमीं गांवांतल्या गांवांतच फिरविली, तर ती जाळी साफ होण्याइतकी तापत नाहीं. मग ती तुंबते व इंजिन गुदमरतें.

एवढें निर्दोष ठरल्यावरच इंजेक्टरांकडे वळावें. प्रत्येक इंजेक्टरांतून परत येणारें डिझेल निरनिराळ्या बाटल्यांत मोजलें, म्हणजे झिजलेला कोणता तें कळतें.

टर्बोची स्वतःची परीक्षा

शेवटीं टर्बोची पाळी. इंजिन बंद व थंड असतां हवेची नळी काढावी व चक्र बोटानें फिरवून पाहावें. तें मोकळें फिरलें पाहिजे. तेलाच्या थराकरितां जागा ठेवलेली असल्यामुळें आडवा किंचित् हेलकावा साहजिक आहे. परंतु दांडा मागें-पुढें सरकतां हातास जाणवला, पातीं घराला घासलेलीं किंवा तुटलेलीं दिसलीं, तर टर्बो खरोखरच गेला असें समजावें.

मात्र तेव्हांहि तो कां गेला हें शोधल्यावांचून नवा बसवूं नये. टर्बो बहुधा आपल्या मरणानें मरत नाहीं. त्यास तेलाची उपासमार मारते. तेल वेळेवर न बदलणें, तेलाची बारीक नळी गाळानें तुंबणें, गाळणीच्या फटींतून धूळ शिरणें, हीं नेहमींचीं कारणें होत. तीं तशींच राहिलीं, तर नवा टर्बोहि थोड्याच दिवसांत जुन्याच्या मार्गानें जातो. सबब नव्याबरोबर तेल, तेलाची गाळणी व ती नळी बदलावी, इंटरकूलरांत सांचलेलें तेल काढावें, व इंजिन सुरू करण्यापूर्वीं टर्बोंत थोडें स्वच्छ तेल सोडावें.

येथें एक धोक्याची सूचना देणें आमचें कर्तव्य आहे. निळ्या धुराचे लोट निघूं लागले, तर गाडी तात्काळ थांबवावी. टर्बोंतून गळणारें तेल इंजिनांत शिरलें, तर डिझेल इंजिन त्या तेलावरच धांवूं लागतें, व किल्ली काढली तरी थांबत नाहीं. असें झाल्यास वरचा गिअर टाकून, ब्रेक घट्ट दाबून क्लच सोडावा, म्हणजे इंजिन अडून थांबतें. तें न साधल्यास माणसांस दूर न्यावें. धांवत्या इंजिनांत हात घालूं नये.

खरेदीपूर्वीं

जुनी गाडी घेतांना ती थंड असतांनाच सुरू करून दाखविण्यास सांगावें, तेल बदलल्याच्या नोंदी पाहाव्या, व चार माणसें बसवून ती चढावर चालवून पाहावी. सपाट रस्त्यावर रिकामी गाडी आपला दोष झांकून ठेवते. घेतल्यावर, घाट चढून येतांच इंजिन एकदम बंद न करतां अर्धा-एक मिनिट संथ चालूं द्यावें, व थंड इंजिन सुरू होतांच जोरानें फिरवूं नये.

आतां त्या बागाईतदारांच्या गाडीविषयीं. हवेची गाळणी मळलेली होती, पण जोर जाण्याइतकी नव्हे. डिझेलांत पाणी निघालें नाहीं. तिसऱ्या तपासणींत मात्र साबणाच्या पाण्यानें दोष दाखविला : टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी नळीस खालून वीतभर चीर पडलेली होती. आंबा घाटांत ऐकूं आलेली फुसफुस त्या चिरेची होती. टर्बोनें कष्टानें दाबलेली हवा वाटेंतच निसटत होती, व हवेवांचून डिझेल काळा धूर होऊन जात होतें. टर्बोचा दांडा आम्हीं पाहिला. तो निर्दोष होता. एक नळी व दोन पट्ट्या बदलल्या, आणि पुढच्या खेपेस तीच गाडी तितक्याच पेट्या घेऊन तोच घाट चढली व सौद्यापूर्वीं पेठेंत उभी राहिली.

त्या कारागिराची लबाडी होती असें आमचें म्हणणें नाहीं. त्यानें शेवटची पायरी पहिली धरली, इतकेंच. आमच्या वाचकांनीं तसें करूं नये. गाडी कारागिराकडे न्यावी, पण नेण्यापूर्वीं धुराचा रंग, आवाज, वेग व चढ यांची टिपणी करून न्यावी. आणि नवा टर्बो बसवा असें कोणी सांगितलें, तर नळ्या तपासल्या काय, दाब मोजला काय, दांडा हलवून पाहिला काय, हे तीन प्रश्न नम्रपणें पण अवश्य विचारावे. यांचीं उत्तरें मिळेपर्यंत पैशाची पिशवी सोडूं नये.