पडद्यावरची पाटी

दगडी पाटी तुम्ही पाहिली असेल. तिला लाकडी चौकट असते आणि तिच्यावर पाटीवरच्या पेन्सिलीने लिहितात. पूर्वी उर्दू शिकणारी मुले लाकडाच्या तख्तीवर बोरूच्या कलमाने अक्षरे घोटत. आता काही शाळांत आणखी एक पाटी आली आहे. ती म्हणजे टॅब्लेट. बोटाने चालणारा टॅब्लेट सर्वांच्या परिचयाचा आहे. ज्याच्यावर खास पेनने लिहिता येते, अशा टॅब्लेटची माहिती आपण घेऊ.

बोटाने काम होत असताना पेन कशाला हवे? 'ज्योत्स्ना' हा शब्द घ्या. वहीत तो दोन अक्षरांचा दिसतो. पण संगणकावर टंकलिखित करायचा तर ज, हलन्त, य, ओकार, त, हलन्त, स, हलन्त, न आणि काना, अशा दहा कळा दाबाव्या लागतात. लहान मुलाचे लक्ष शब्दावरून उडते आणि कळा शोधण्यात गुंतते. उर्दूत आणखी एक गंमत आहे. 'बे' हे अक्षर शब्दाच्या आरंभी, मध्ये आणि शेवटी वेगवेगळे दिसते. कळ दाबली की योग्य रूप संगणकच निवडतो. मुलाचा हात ते शिकतच नाही. गणिताच्या वहीत तर वाक्य उजवीकडून सुरू होते आणि समीकरण डावीकडून. पेनला या कशाचीच अडचण नाही. हात जसा वळेल, तसे उमटते.

हे पेन चालते कसे? चांगल्या प्रतीच्या काही टॅब्लेटमध्ये पडद्याखाली बारीक तारांची जाळी असते. तिच्यातून विजेच्या लहरी निघतात. पेनमध्ये तारेचे छोटे वेटोळे असते. ते त्या लहरी घेते आणि परत पाठवते. त्यावरून पेन कोठे आहे आणि किती जोराने टेकले आहे, हे यंत्राला कळते. अशा पेनला स्वतःची बॅटरी लागत नाही. पेन जवळ असेपर्यंत यंत्र तळहाताच्या स्पर्शाकडे दुर्लक्ष करते. तुमच्या दृष्टीने ही सोय महत्त्वाची आहे. उजव्या हाताने उर्दू लिहिताना तळहात नुकत्याच लिहिलेल्या मजकुरावरून सरकतो. यंत्राने त्याचीही दखल घेतली, तर सगळे लेखन बिघडेल.

२०११ साली भारत सरकारने विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' नावाचा स्वस्त टॅब्लेट आणला. त्याचा पडदा दाबल्यावरच चालत असे. अशा पडद्यावर काडीनेही लिहिता येते. पण हात टेकला की तोही दाबच ठरतो. २०१२ साली 'आकाश'ची सुधारित आवृत्ती आली. तिच्या कामात पवईच्या आय.आय.टी.चा मोठा वाटा होता.

त्याच्या आधीचा एक प्रयोग रायगड जिल्ह्यातच झाला. मुंबई-गोवा महामार्गावर, कोलाडजवळ, रोहा तालुक्यात खांब हे गाव आहे. त्याच जिल्ह्याच्या उत्तरेला कर्जत तालुका आहे. तेथील धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत २००७ साली पहिली ते चौथीच्या मुलांना एकेक छोटा संगणक मिळाला. प्रत्येक मुलाला स्वतःचा संगणक मिळावा, ही कल्पना अमेरिकेतील प्राध्यापक निकोलस नेग्रोपॉंटे यांनी २००५ साली जगापुढे मांडली होती. त्या संगणकाचा पडदा फिरवून पाटीसारखा आडवा ठेवता येई, आणि भर उन्हातही त्यावरची अक्षरे दिसत. त्याच्या पहिल्या नमुन्यात पेनने लिहिण्यासाठी वेगळी पट्टीसुद्धा ठेवली होती. परंतु तिच्यासाठी लागणारे कार्यक्रम नीट तयार झाले नाहीत. पुढच्या नमुन्यांतून ती पट्टी काढून टाकण्यात आली. माझ्या मते तेथे एक चांगली संधी हुकली.

वर्गात या पेनचा खरा उपयोग वेगळाच आहे. वहीत आपल्याला तयार अक्षर दिसते. ते कसे काढले, हे दिसत नाही. काही कार्यक्रम लेखनाची प्रत्येक रेघ क्रमाने साठवतात आणि पुन्हा दाखवतात. 'क्ष' काढताना मुलाने सुरुवात कोठून केली, गणितात कोणत्या पायरीवर त्याचा हात अडखळला, हे शिक्षकांना पाहता येते. शिक्षकांनी नकाशावर काढलेल्या खुणा गैरहजर विद्यार्थ्याला दुसऱ्या दिवशी पाहायला मिळतात. अर्थात, पाहायला शिक्षकांपाशी वेळ हवा. साठ मुलांच्या वर्गात तो कोठून आणायचा?

अडचणीही आहेत. काचेवर पेन घसरते, म्हणून आरंभी अक्षर वेडेवाकडे येते. कोकणातल्या पावसात वीज गेली की रात्री भारित करायचे राहून जाते. पेनचे टोक झिजते व बदलावे लागते. आणि पेन हरवते! पूर्वी पाटीच्या चौकटीला भोक पाडून पेन्सिल दोऱ्याने बांधून ठेवत. काही टॅब्लेटच्या कडेलाही दोरी अडकवण्यासाठी भोक असते.