कचेरीतली यंत्रं : पानाच्या माथ्यावरची वेळ

फॅक्स मशीनने किती रिंगांनंतर फोन उचलायचा, ते आज सांगणार होतो. ते आता पुढच्या आठवड्यात. कारण डोंबिवली एमआयडीसीतल्या एका वाचकांचं पत्र आलं आणि मला राहवेना. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका पार्टीला त्यांनी गुरुवारी दुपारी तीनला कोटेशन फॅक्स केलं. मुदत त्याच संध्याकाळी पाचची. पार्टी म्हणते, कागदावर शुक्रवार, पहाटे तीन छापलंय, म्हणजे कोटेशन उशिरा आलं. खोटं कोण बोलतंय?

कुणीच नाही. माथ्यावर तारीख, वेळ, नाव, नंबर अशी जी बारीक ओळ उमटते, ती पाठवणारं मशीन पानाला जोडून देतं. ठाण्याच्या मशीनचा तिच्याशी संबंध नाही, एक्स्चेंजचा तर नाहीच. फोन करून विचारलं, घड्याळ कधी लावलंत? म्हणाले, सकाळी दहाच्या सुमारास. तिथेच उलगडा झाला. पॅनासॉनिकच्या बऱ्याच मॉडेलांत मेनूनंतर #१०१ दाबलं की तारीख-वेळ येते. आधी महिना, मग दिवस (५ जुलै घालताना ७ आधी!), मग बारा तासांचं घड्याळ, आणि एएम-पीएम बदलायला स्टारचं बटण. यांनी दहा घातले, पीएम तसंच राहिलं. मशीन बारा तास पुढे धावू लागलं, आणि गुरुवारची दुपार त्याच्या लेखी शुक्रवारची पहाट झाली.

आता पुरावा? स्वतःचा ट्रान्समिशन रिपोर्ट दाखवून उपयोग नाही, तोही त्याच घड्याळावर निघतो. पार्टीला त्यांच्या मशीनचा जर्नल रिपोर्ट काढायला सांगा. त्यात फॅक्स आल्याची वेळ त्यांच्या घड्याळाची असते.

तेवढ्यात #१०२ आणि #१०३ही उरकून घ्या, म्हणजे नाव आणि फॅक्स नंबर. इथे डोंबिवलीकर हटकून सात आकडी नंबर घालून मोकळे होतात. ठाणे एमटीएनएलचं, कोड ०२२, आपण ०२५१. अर्धं पान कोरं आलं तर ठाण्याच्या माणसाने कुठे फोन करायचा? +९१ २५१ पासून सुरुवात करा, वीस आकड्यांची जागा आहे. आणि मशीन काहीच पडताळून पाहत नाही, जे घालाल ते छापतं. लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड मशीन आणलं असेल, तर आधीच्या मालकाचं नाव तुमच्या कोटेशनवर मिरवत असेल. अमेरिकेत १९९१च्या कायद्यापासून ही ओळ सक्तीची आहे. आपल्याकडे मात्र मशीन बसवायला आलेला माणूस एक टेस्ट पेज काढतो, चहा घेतो आणि जातो.

पत्रलेखकांनी जर्नल मागवलाय. रिंगांचं पुढच्या वेळी नक्की. फोन आणि फॅक्स एकाच लाइनवर असणाऱ्यांनी तोवर मशीन टेल मोडवरच ठेवावं, म्हणजे रिंग वाजली की फोन आपणच उचलायचा.